अभ्यासाची सवय लागायला आधी जागा लागते! कसबा बावड्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी हे कसं ओळखलं?

परीक्षा जवळ आली की घराघरात वेळापत्रकं तयार होतात. पहाटे पाचला उठायचं, सहा ते आठ गणित, संध्याकाळी विज्ञान, झोपताना उजळणी. रंगीत पेनाने लिहिलेला तो कागद भिंतीवर चिकटवला जातो. पहिले चार दिवस सगळं नीट चालतं. पाचव्या दिवशी घरात पाहुणे येतात, सहाव्या दिवशी उठायला उशीर होतो आणि आठवड्याभरात तो कागद नुसता भिंतीवर उरतो. मग खापर फुटतं ते मुलाच्या आळसावर.

पण ज्या मुलाला बसायला जागाच नाही, दोन वेळच्या जेवणाची खात्री नाही आणि रात्री दिव्यात तेल नाही, त्याने वेळापत्रक करून काय करायचं?

सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका राजापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर शोधताना पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नातून जे उभं राहिलं, त्याच्या खुणा आजही कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या आसपास फिरताना दिसतात. हा राजा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. आरक्षण, वेदोक्त प्रकरण, खासबागचं कुस्तीचं मैदान यांमुळे ते सगळ्यांना माहीत आहेत. पण विद्यार्थ्याला अभ्यासाची सवय लागते कशी, याचाही त्यांनी आयुष्यभर विचार केला. त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या शिक्षणापासून झाली.

कसबा बावड्यातला यशवंतराव

कोल्हापूर शहराच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठावर कसबा बावडा आहे. आज तो शहराचाच भाग झालाय. ऊस, साखर कारखाना आणि तालमी ही बावड्याची ओळख. याच बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी एका मुलाचा जन्म झाला. नाव ठेवलं यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार, तर आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या.

राजघराण्यातलं मूल म्हटल्यावर सगळं सुखाचं असेल असं वाटतं. पण यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना आई गेली. पुढे कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना वारले. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतलं. तारीख होती १७ मार्च १८८४. कागलचे यशवंतराव कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले, तेव्हा त्यांचं वय होतं नऊ वर्षं. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये वडीलही गेले.

म्हणजे अकराव्या वर्षी आई नाही, वडील नाहीत, नाव बदललेलं, घर बदललेलं आणि डोक्यावर एका संस्थानाची जबाबदारी. अशा मुलाचं शिक्षण कसं होणार, हा कोल्हापूरकरांच्या काळजीचा विषय होता. त्याआधीच्या दोन छत्रपतींचा अनुभवही चांगला नव्हता. राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर असताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ऐन विशीत वारले. त्यांच्यानंतरच्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून कैदेत ठेवलं गेलं. आता सगळ्यांच्या आशा या लहान मुलावर होत्या.

राजकोट आणि धारवाड : ठरलेल्या दिवसाची सवय

शाहूंना आधी गुजरातमधल्या राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं गेलं. तिथे १८८५ ते १८८९ अशी वर्षं गेली. संस्थानिकांच्या मुलांसाठीच काढलेली ही शाळा. प्राचार्य होते चेस्टर मॅकनॉटन. घरच्या नोकरचाकरांच्या गराड्यातून बाहेर पडून इतर मुलांबरोबर वर्गात बसायचं, मैदानावर खेळायचं आणि घंटा झाली की उठायचं, हा अनुभव त्यांना तिथे पहिल्यांदा आला. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी यांच्याशी तिथे जमलेली मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

त्यानंतर १८९० पासून शिक्षण सुरू झालं ते धारवाडला. शिक्षक होते स्टुअर्ट मिटफोर्ड फ्रेझर नावाचे तरुण सनदी अधिकारी. हेच फ्रेझर पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वाडियार यांचेही शिक्षक झाले. शाहूंच्या बरोबर त्यांचे धाकटे भाऊ बापूसाहेब होते आणि भावसिंहजीही होते.

धारवाडची निवड महत्त्वाची होती. कोल्हापुरात राहिले असते, तर रोज कुणीतरी भेटायला आलं असतं, रोज काहीतरी समारंभ निघाला असता. दरबारातले गट कानाशी लागले असते. धारवाड कोल्हापूरपासून फार लांब नाही, पण दरबारापासून पुरेसं लांब आहे. तिथे इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, कायदा आणि राज्यकारभार हे विषय होते. घोडेस्वारी, शिकार आणि व्यायामही होता. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांनी बघावं म्हणून फ्रेझर यांनी विद्यार्थ्यांना उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोन असं फिरवून आणलं.

शाहू महाराज काही पुस्तकी किडा नव्हते. त्यांचा जीव कुस्तीत, घोड्यांत आणि शिकारीत रमायचा. मुद्दा वेगळाच आहे. अशा मैदानी मुलाचाही अभ्यास होतो, जर त्याचा दिवस ठरलेला असेल, जागा ठरलेली असेल, बरोबर शिकणारे सोबती असतील आणि लक्ष ठेवणारा एक जाणता माणूस असेल. धारवाडमध्ये या चारही गोष्टी होत्या. १ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, तरी शिक्षण थांबलं नाही. तीन वर्षांनी, २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रं हाती आली, तेव्हा महाराज विशीतही नव्हते.

कचेरीतली नावं आणि गावातली मुलं

गादीवर आल्यावर महाराजांनी कारभारात कोण कोण आहे हे पाहिलं. त्या वेळी संस्थानच्या सर्वसाधारण कारभारात ७१ अधिकारी होते. त्यांतले ६० ब्राह्मण आणि ११ इतर सर्व समाजांचे. खासगी खात्यातल्या ५३ नोकरांपैकी ४६ ब्राह्मण होते. प्रजा मात्र बहुतेक शेतकरी, कारागीर आणि मजूर.

हे बदलायचं म्हणजे इतर समाजांतली शिकलेली माणसं हवीत. ती आणायची कुठून? शाळा होत्या. कोल्हापुरात राजाराम हायस्कूल होतं, राजाराम कॉलेज होतं. पण राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लज, शिरोळ भागातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. गावात चार इयत्ता झाल्या की शिक्षण संपायचं.

बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. अडचण फार साधी होती. शहरात आल्यावर राहायचं कुठे आणि जेवायचं काय?

त्या काळात बाहेरगावचे गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. वार लावणं म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. त्यात अपमान होता, अर्धपोटी राहणं होतं, हाल होते. तरीही ती एक रुळलेली व्यवस्था होती आणि तिच्या आधारावर अनेक जण शिकून मोठे झाले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, सुतार अशा घरांतल्या मुलांना असा आधार नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांना तर शहरात कुणी खोलीही देत नसे.

पहिला प्रयत्न फसला

महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. ते सगळ्या जातींच्या मुलांसाठी होतं. हेतू चांगला, पैसा संस्थानचा, इमारत तयार. पण काही काळातच तिथे फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. व्यवस्था पाहणारी मंडळी त्याच समाजातली होती आणि सोवळंओवळं, पंगतीतलं वेगळेपण यामुळे इतर मुलं तिथे टिकलीच नाहीत.

दार उघडं असलं तरी आत आपलं कुणी नाही, आपल्याला वेगळं बसवलं जातं, असं वाटणारं मूल अभ्यासात लक्ष घालू शकत नाही. ते घरी परत जातं. महाराजांना हे समजायला चार-पाच वर्षं लागली.

मग आला १८९९ चा सुमार. खेड्यातून मॅट्रिक झालेला एक मराठा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात आला. त्याचं नाव पी. सी. पाटील. पुढे शेतकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेले हेच ते पाटील. त्या वेळी मात्र त्यांना राहायला जागा नव्हती. संस्थानचे दिवाण रघुनाथ व्यंकाजी सबनीस यांनी त्यांची सोय केली. एका मुलाची अशी सोय झाली, पण अशी मुलं किती असतील आणि प्रत्येकाला दिवाण भेटणार आहे का, हा प्रश्न दरबारात चर्चेला आला.

बोर्डिंगचं गाव

१८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. या वेळी महाराजांनी पद्धत बदलली. एकच मोठं वसतिगृह काढण्याऐवजी त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांना पुढे यायला सांगितलं. वसतिगृह त्यांनी चालवायचं, मुलं त्यांनी गोळा करायची, समाजातून वर्गणीही त्यांनीच जमवायची. संस्थान जागा देणार, इमारतीला मदत करणार, दर वर्षी अनुदान देणार.

त्याच वर्षी जैन बोर्डिंग उभं राहिलं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगचं काम सुरू झालं. मुस्लिम समाजाच्या शिक्षण संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं. मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची मुलगी. पाठोपाठ शिंपी समाजाचं नामदेव बोर्डिंग, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती अशी एकेक वसतिगृहं उभी राहत गेली. पुढे कोल्हापूरच्या बाहेरही, नाशिकसारख्या ठिकाणी, महाराजांनी बोर्डिंगांना हात दिला.

जातीजातींची वेगळी वसतिगृहं कशाला, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. त्यामागचं कारण १८९६ च्या अनुभवात आहे. मुलगा आधी टिकायला हवा होता. तो टिकला, शिकला, नोकरीला लागला की पुढची भिंत पाडता येईल, असा हा व्यवहारी हिशोब होता. कायमचं वेगळं ठेवण्याचा विचार त्यात नव्हता. म्हणूनच ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकमाने महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळ्या मुलांना एकाच सरकारी शाळेत बसवायला सांगितलं.

तालीम आणि बोर्डिंग : तंत्र एकच

कोल्हापूरच्या माणसाला वसतिगृहाचं तंत्र समजावून सांगायची गरज नव्हती, कारण त्याने तालीम पाहिलेली होती.

तालमीत पैलवान कसा तयार होतो? आज कंटाळा आलाय की उत्साह आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. ठरलेल्या वेळी लाल मातीत उतरायचं. जोर-बैठका ठरलेल्या. खुराक ठरलेला. जोडीला लढत करणारे सोबती ठरलेले. वर उभा असलेला वस्ताद एखाद्याचा पाय चुकीचा पडला की लगेच हाक मारणार. पोरगा एकटा घरी राहिला असता, तर चार दिवसांत जोर मारायचे सोडले असते. तालमीत तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण तिथलं वातावरणच त्याला ओढून नेतं.

महाराजांचं कुस्तीवेड सगळ्यांना ठाऊक आहे. खासबागचं मैदान १९१२ मध्ये त्यांनीच बांधून पूर्ण केलं. जी गोष्ट पैलवानाला लागू आहे तीच विद्यार्थ्याला लागू आहे, हे त्यांच्या कामातून दिसतं. बोर्डिंग म्हणजे अभ्यासाची तालीमच होती. ठरलेली जागा, ठरलेलं जेवण, बरोबरीची मुलं आणि वस्तादाच्या जागी अधीक्षक. शेजारचा मुलगा दिव्याखाली पुस्तक उघडून बसलाय म्हटल्यावर दुसराही बसतो. त्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

२६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा प्रसिद्ध हुकूम निघाला. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. या हुकमाची चर्चा खूप होते. पण त्याच्या एक वर्ष आधीच पहिलं बोर्डिंग सुरू झालं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. जागा राखून ठेवल्या, पण त्या भरायला शिकलेली मुलंच नसतील तर हुकूम कागदावर राहतो. म्हणून ही दोन्ही कामं एकमेकांना धरून होती.

शाळेत न पाठवल्यास एक रुपया दंड

बोर्डिंगमुळे गावातला हुशार मुलगा शहरात टिकायला लागला. पण गावात शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखली गावातून त्याची सुरुवात झाली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी शेतमजुराला हा दंड चांगलाच जाणवणारा होता.

दंड कशासाठी? कारण रोज शाळेत जाणं ही मुलाची एकट्याची सवय नसते, ती सगळ्या घराची सवय असते. पेरणी आली की पोराला शेतावर न्यायचं, जनावरं राखायला पाठवायचं, पाहुणे आले की शाळा बुडवायची, हे घराने थांबवल्याशिवाय मूल नियमित शाळेत जाऊ शकत नाही. म्हणून महाराजांनी जबाबदारी पालकांवर टाकली.

सोनतळीवरची विद्यार्थिनी

महाराजांच्या विचारांची सगळ्यात अवघड परीक्षा त्यांच्या घरातच झाली. १२ जून १९१८ रोजी त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय १९ वर्षं. त्यांचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मागे राहिलेल्या सूनबाई इंदुमतीदेवी तेव्हा अवघ्या ११ वर्षांच्या होत्या.

त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरलेलं असायचं. वाड्याच्या आतल्या खोलीत कोंडून घेणं, उपासतापास आणि पडदा. मुलाच्या दुःखाने महाराज आतून मोडून गेले होते, तरी त्यांनी सूनबाईंना शिकवायचं ठरवलं. राजवाड्यातून याला विरोध झाला. तेव्हा महाराजांनी इंदुमतीदेवींची सोय कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या कँपवर केली. शिकवायला शिक्षक नेमले. एकटं वाटू नये म्हणून वेगवेगळ्या समाजांतल्या मुली बरोबर शिकायला ठेवल्या.

फ्रेझर यांनी धारवाडमध्ये शाहूंसाठी जे केलं होतं, तेच शाहूंनी सोनतळीवर सुनेसाठी केलं. वाड्याच्या गलबल्यापासून लांब एक जागा, ठरलेला दिवस, सोबत शिकणारी मुलं आणि पाठीशी उभा असलेला एक मोठा माणूस. इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. ते पाहायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं होतं, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी. पण सवय रुजलेली होती, त्यामुळे आधार गेल्यावरही अभ्यास थांबला नाही. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचं मोठं काम केलं.

बोर्डिंगमधून निघालेला वटवृक्ष

या वसतिगृहांत राहिलेल्या मुलांपैकी एक नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं. ते म्हणजे भाऊराव पाटील. कुंभोजला जन्मलेले भाऊराव शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. महाराजांनी त्यांना आसरा दिला.

या प्रसंगात वेगळ्या वसतिगृहांची मर्यादाही उघडी पडली. मुलाचा अभ्यास टिकवणारी जागा त्याच्यावर जुन्या बेड्याही घालू शकते. भाऊरावांनी दोन्ही धडे घेतले. वसतिगृह हवंच, पण सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसतील असं हवं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, कष्ट करून शिकत. या वसतिगृहाला नाव दिलं गेलं ते शाहू छत्रपतींचं.

लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही १९२० मध्ये महाराजांनी पैशांची मदत केली होती. बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या सवयींच्या गोष्टी आज सगळे सांगतात. त्या अभ्यासासाठी बोटीच्या तिकिटापासून खोलीच्या भाड्यापर्यंतचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो, हे मात्र विसरलं जातं.

आजच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यायचं?

सवय कशी लागते यावर अलीकडे बरंच संशोधन झालंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे एक अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. रोज एका ठरलेल्या प्रसंगी एकच छोटी गोष्ट करायची, असं त्यांना सांगितलं होतं. ती गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं दिसलं. पण माणसागणिक फरक मोठा होता, कुणाला १८ दिवस पुरे झाले तर कुणासाठी हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

हे आकडे शाहू महाराजांच्या कामाशी ताडून पाहिले तर काही गोष्टी उघड होतात.

पहिली गोष्ट जागेची. वेगळी खोली नसली तरी चालेल, पण घरातला एक कोपरा ठरलेला हवा. तिथे बसलं की पुस्तकच उघडायचं, मोबाईल नाही. घरात तेवढीही जागा नसेल, तर गावातली अभ्यासिका, वाचनालय किंवा शाळेचा रिकामा वर्ग शोधावा. घर सोडून धारवाडला जावं लागलं म्हणून शाहूंचं काही बिघडलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावण्यापेक्षा रोज एकाच वेळी एक तास बसणं जास्त टिकतं. संध्याकाळचा दिवा लागला की पुस्तक, किंवा सकाळचा चहा झाला की गणित. आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीला अभ्यास बांधून टाकला की तो आठवणीत ठेवावा लागत नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकट्याने अभ्यास होत नसेल, तर दोघा-तिघांनी एकत्र बसावं. गप्पा मारायला नव्हे, शेजारी शेजारी गप्प बसून वाचायला.

चौथी गोष्ट वस्तादाची. आठवड्यातून एकदा कुणीतरी वही बघणारं हवं. ते शिक्षक असतील, मोठी ताई असेल, काका असतील. ओरडायला नको, नुसतं बघायला हवं.

पाचवी गोष्ट खाडा पडण्याची. एक दिवस चुकला म्हणून वेळापत्रक फाडून टाकू नये. १८९६ चं वसतिगृह फसलं म्हणून महाराजांनी वसतिगृहाचा विचार सोडला नाही. कुठे चुकलं ते पाहिलं आणि १९०१ मध्ये वेगळ्या पद्धतीने सुरू केलं.

आणि पालकांसाठी एकच गोष्ट. मुलाच्या अभ्यासाच्या वेळेत टीव्हीचा आवाज कमी करणं, त्याला दुकानात न पाठवणं, जेवण वेळेवर वाढणं, हाही अभ्यासाचाच भाग आहे. आता एक रुपया दंड करायला कुणी येणार नाही, हे घरानेच पाळायचं.

शाहू महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. कॉलेजची फी भरण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती योजनाही त्यांच्या नावाने चालते. कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस त्यांचं स्मारक म्हणून जपलेला आहे. तिथून दसरा चौकात यायला फार वेळ लागत नाही. महाराजांच्या पुतळ्याच्या आजूबाजूला जुन्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. खेड्यातून कोल्हापुरात शिकायला येणारी पोरं आजही आल्या आल्या पहिला प्रश्न तोच विचारतात, राहायची सोय कुठे होईल? आपल्या ओळखीत असा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याला वेळापत्रक देण्याआधी बसायला एक जागा मिळवून द्या.